बातमीत न मावलेली पेरणी

सोलापुरात राहून मराठी लिहिण्यावर पोट भरायचं ठरवलं, तर एका नोकरीवर भागत नाही. मी बातमीदारी केली, उपसंपादक म्हणून रात्रपाळ्या केल्या, आकाशवाणीवर नैमित्तिक निवेदक होते, महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर मराठी शिकवलं, संध्याकाळच्या वर्गांना पत्रकारिता शिकवली आणि हे सगळं चालू असतानाच कथा लिहिल्या. लिहू लागलेली मुलं-मुली भेटली की विचारतात, ‘मॅडम, यातलं एकच काहीतरी धरलं असतं तर जास्त लिहून झालं असतं ना?’ माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. का नाही, ते उभ्या-उभ्या सांगता येत नाही, म्हणून हे लिहिते आहे. यात एका कथेची हकिगत जास्त येईल. ती वर्तमानपत्राच्या कामात सापडली, वर्गात उलगडली आणि कागदावर यायला तिला बरीच वर्षं लागली.

१९९२ साली एम.ए. झाल्या झाल्या शहरातल्या एका दैनिकात लागले. पहिलं काम पाकिटं फोडण्याचं. तालुक्याच्या वार्ताहरांकडे तेव्हा फॅक्स नव्हता. बातमी कागदावर लिहायची, पाकिटात घालायची, वर ‘अर्जंट – प्रेस’ असं लिहून एसटीच्या ड्रायव्हरकडे द्यायची. सोलापूरच्या स्टँडवर आमचा शिपाई सायकलवर जाऊन गाड्या गाठायचा. अक्कलकोट, बार्शी, सांगोला, मंगळवेढा, एकेका गाडीतून पाकिटं उतरायची. संध्याकाळी माझ्या टेबलावर त्यांचा ढीग असायचा. कुणी शाळेच्या वहीच्या पानावर लिहिलेलं, कुणी खताच्या दुकानातल्या बिलाच्या पाठीवर. वार्ताहर म्हणजे कुणी शिक्षक, कुणी दुकानदार, कुणी एजंट. छापून आलेल्या कॉलमच्या सेंटिमीटरवर त्यांना थोडंफार मानधन मिळायचं, ते टपालालाही पुरायचं नाही. तरी ती माणसं लिहायची. सांगोल्याकडच्या एकानं पाणीटंचाईच्या बातमीत लिहिलं होतं, ‘टँकरचे पाणी विहिरीत सोडले, परंतु बायांच्या दोऱ्या तोकड्या पडल्या.’ एम.ए.ला अलंकार शिकले, शैलीविज्ञान शिकले, पण सहज लिहिलेल्या एका ओळीत सगळं गाव कसं उभं राहतं हे मला त्या पाकिटांनी दाखवलं.

त्या कॉपीची बातमी करायची म्हणजे वाक्यं छापायच्या मापात बसवायची. आणि मापात बसवताना मजकूर शेवटाकडून कापला जायचा. आता हे सगळं संगणकाच्या पडद्यावर होतं, पण तेव्हा मजकुराच्या ब्रोमाइडच्या पट्ट्या निघायच्या, त्या पानावर डकवायच्या. जाहिरात ऐनवेळी आली की पेस्टिंगवाला ब्लेड घेऊन पट्टीचा खालचा भाग उडवायचा. महत्त्वाचं आधी लिहा, बाकीचं नंतर, असं बातमीदाराला का शिकवतात ते त्या ब्लेडकडे बघितलं की लगेच कळायचं.

बाईला रात्रपाळी द्यायची पद्धत नव्हती. महिलांची पुरवणी, पाककृती, मुलाखती, एवढं आमचं अंगण. मी मागून रात्रपाळी घेतली. घरी जायचा प्रश्न होताच. पूर्वभागातून पेपरचे गठ्ठे टाकत जाणारी जीप होती, तिच्यात गठ्ठ्यांबरोबर मीही जायचे. घरचे आधी बोलले, मग बोलायचे थांबले. रात्रपाळीत मुख्य पान लागतं. मुख्य पानावर काय जातं आणि काय राहतं हे ठरताना तिथं असणं मला हवं होतं.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. मिरवणुका रात्री उशिरापर्यंत चालल्या, आमची आवृत्तीही उशिरा सुटली. पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना जमीन हलली. सोलापुरातही लोक अंथरुणातून उठून रस्त्यावर आले. किल्लारी हे नाव दुपारपर्यंत सगळ्यांच्या तोंडी झालं होतं. सिव्हिलच्या आवारात जखमींच्या गाड्या येत होत्या आणि आमच्या फोटोग्राफरच्या रोल धुवायच्या खोलीत कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

मला गावांत पाठवलं ते काही दिवसांनी. हैदराबाद रस्त्यानं उमरग्यापर्यंत आणि तिथून आत. ज्यांनी माळवदाची घरं पाहिली नाहीत त्यांना सांगते. दगड-मातीच्या रुंद भिंती, वर तुळया आणि फळ्या, त्यावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात अशा घरात गार वाटतं, माणसं पिढ्यान् पिढ्या त्यात सुखानं राहिली. भिंतींतले दगड मातीत बसवलेले, त्यांना एकमेकांशी सांधणारं काही नव्हतं. ते सुटले आणि वरची सगळी माती झोपलेल्या माणसांवर आली. हजारो माणसं गेली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावं पुढं दुसऱ्या जागी नव्यानं वसवली गेली. त्या दिवसांत पाऊसही लागला होता. सरणाला कोरडी लाकडं मिळत नव्हती.

मी गेले तेव्हा पावसानं उघडीप दिली होती. एका गावात (गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, त्याचं कारण पुढं येईल) पडलेल्या घराच्या जागी एक पन्नाशीची बाई उकिडवी बसून माती चाळत होती. शेजारी सूप. फुटलेल्या उतरंडीच्या खापऱ्या एका बाजूला लावलेल्या. तिच्या ओच्यात ज्वारीचे दाणे होते. मातीतून एकेक दाणा वेचायचा, बोटांत धरून बघायचा आणि मग ओच्यात टाकायचा नाहीतर सुपात. मी विचारलं, दोन ठिकाणी का? तिनं दाणा माझ्या तळहातावर ठेवला. ‘राख लागलीय बघ. ही बियाची. बिनराखेची खायाची.’ बियाणाला कीड लागू नये म्हणून ते राखेत घोळवून उतरंडीतल्या मडक्यात ठेवलेलं होतं. दोन्ही एकत्र सांडलेल्या ढिगाऱ्यातून ती बी वेगळं करत होती.

तिचा नवरा आणि एक नातू गेले होते. हे मला शेजारच्या माणसानं सांगितलं. ती त्याबद्दल काही बोलली नाही. मी उठायला लागले तेव्हा म्हणाली, ‘जमिनीला वापसा आलाय माय. चार दिवसांत वाळून जाईल. बी घावलं न्हाई तर लेकरांनी काय खावं?’

वापसा म्हणजे पेरणीजोगी ओल. रब्बीच्या ज्वारीचे ते दिवस. कोरडवाहू रानात त्या ओलीवर पेरलं तरच पेरलं, नाहीतर वर्ष गेलं. मी ऑफिसात येऊन लिहिलं. मदतीच्या गाड्या, पत्र्याचे निवारे, पाण्याची सोय, कोण कोण येऊन गेलं. आणि शेवटच्या परिच्छेदात ती बाई. मुख्य उपसंपादकांनी तो परिच्छेद स्वतः वाचला, ब्लेडपर्यंत जाऊ दिला नाही, आधीच काढला. ‘वाचणाऱ्याला वाटेल, हिला गेलेल्या माणसांचं काहीच नाही. लोक तिलाच नावं ठेवतील,’ ते म्हणाले. ते कठोर माणूस नव्हते. त्या बाईचीच काळजी ते करत होते. त्या वेळी त्यांच्या बोलण्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडे एक जाड वही होती, बातमीत न बसलेलं त्यात लिहून ठेवायची सवय लागली होती. तो परिच्छेद तिथं गेला आणि तिथंच राहिला.

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात सुट्टी काढून पुण्याला रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पत्रकारितेची पदवी करायला गेले. विभागप्रमुख तेव्हा अरुण साधू होते. स्वतः बातमीदारी केलेला, कादंबऱ्या लिहिलेला माणूस पत्रकारितेच्या वर्गाचा प्रमुख आहे, ही गोष्टच माझ्यासारखीला मोठी होती. मराठीत ही परंपरा जुनी आहे. आचार्य अत्रे शाळामास्तर होते, नाटककार होते, ‘मराठा’चे संपादक होते. तेंडुलकरांनी वर्तमानपत्रांत नोकऱ्या केल्या. ही नावं धीर देतात. पण ती सगळी मुंबई-पुण्याची आणि पुरुषांची. जिल्ह्याच्या गावात, घरी तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या गल्लीतल्या मुलीनं हे कसं करायचं, त्याचा धडा कुठं लिहिलेला नव्हता. तो करत करतच शिकावा लागला.

पदवी घेऊन परत आले आणि काही काळानं नोकरी सोडली. रात्रपाळी, घर आणि आजारी सासूबाई हे जमेना. मग आकाशवाणी. सोलापूर केंद्रावर महिन्यातून ठरावीक दिवस निवेदनाची ड्युटी आणि अधूनमधून संहितालेखन. पैसे थोडे, पण तिथं माझं वाक्य सुधारलं. वर्तमानपत्राच्या सवयीनं मी लिहायचे, ‘शेतकऱ्यांना मार्गदर्शन करण्यात आले.’ मायक्रोफोनसमोर ते वाक्य म्हणताना श्वास पुरतो, अर्थ पुरत नाही. कुणी केलं मार्गदर्शन? कुणाला? काय सांगितलं? ‘वाटप करण्यात आले’, ‘निवेदन देण्यात आले’, मराठी बातमीतली निम्मी वाक्यं अशी असतात की कर्ता हाताला लागत नाही. वाचताना डोळा सरकून जातो, ऐकताना कान अडतो. मी संहितेतलं असं प्रत्येक वाक्य खोडून ‘कोणी?’ असं समासात लिहायला लागले. हा समासातला ‘कोणी?’ पुढं वर्गात माझ्याबरोबर आला.

शिकवण्याकडे मी गरज म्हणून वळले, हे खरं आहे. प्राध्यापकपदासाठीची ‘सेट’ ही पात्रता परीक्षा पास झाले होते. तासिका तत्त्वावर कामं मिळत होती. या व्यवस्थेबद्दल मला राग आहे आणि तो लपवायचं कारण नाही. जूनमध्ये बोलावतात, बऱ्याचदा जुलै उजाडतो. शिकवलेल्या तासाचे पैसे, तेही महिनोन् महिने थकलेले. परीक्षा, दिवाळी, उन्हाळा यांचे पैसे नाहीत. दरवर्षी नवी नेमणूक, नवा अर्ज. कुठं पूर्णवेळ जागा निघाली तर मुलाखतीत विषयाचे प्रश्न पाच मिनिटांत संपतात आणि मग कुणीतरी बाहेर बाजूला घेऊन संस्थेला किती देणार ते विचारतं. मला एका ठिकाणी तसं विचारलं. मी निघून आले. माझ्याबरोबरची कितीतरी चांगली शिकवणारी माणसं पन्नाशीला टेकली तरी अजून घड्याळी तासांवरच आहेत. यात मुलांचं नुकसान होतं, शिकवणाऱ्याचं होतं आणि मराठी भाषेचंही होतं. भाषेवर प्रेम करायला सांगणाऱ्या सभांमधून हे कुणी बोलत नाही.

पण वर्ग स्वतः, तो मला आवडला. अपेक्षेपेक्षा फार आवडला. व्यावहारिक मराठीच्या पेपरात बातमी, जाहिरात, मुलाखत असे घटक असतात. मुलं गाइडमधला नमुना पाठ करून यायची, सगळ्या बातम्या ‘मान्यवरांच्या हस्ते’ सुरू व्हायच्या. मी त्यांना वर्गाबाहेर काढलं. एसटी स्टँडवर जा, तासभर बसा, कानावर पडलेली वाक्यं जशीच्या तशी लिहून आणा. सोलापूरच्या स्टँडवर मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी एका बाकावर बसलेली असते. मुलं वह्या भरून आणायची. कुणी आधी लाजायचं, की आमच्या घरी असंच बोलतात, हे कागदावर कसं लिहायचं. ती लाज गेली की मूल लिहायला लागतं, हे मी वारंवार पाहिलं.

जानेवारीत मी दोन तास राखून ठेवायचे. ६ जानेवारीला राज्यभर पत्रकार दिन असतो, बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’चा, १८३२ सालचा. तो सगळ्यांना पाठ असतो. १२ जानेवारीला सोलापूरचे चार हुतात्मे असतात. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा. १९३० च्या मार्शल लॉनंतर त्यांना १९३१ मध्ये येरवड्यात फाशी झाली. त्यांच्या पुतळ्यांसमोरून मुलं रोज जातात. त्यांतले कुर्बान हुसेन ‘गझनफर’ नावाचं वृत्तपत्र चालवायचे आणि फाशी गेले तेव्हा ऐन विशीत होते, वर्गातल्या मुलांच्याच वयाचे, हे सांगितलं की मागच्या बाकापर्यंत सगळे सरळ बसायचे. पत्रकारिता दूर मुंबईत होते असं ज्याला वाटतं त्याला हे माहीत असलंच पाहिजे.

अशाच एका वर्षी, बातमीत काय घ्यावं आणि काय गाळावं यावर बोलताना मी वहीतला तो परिच्छेद वाचून दाखवला. ढिगाऱ्यातलं बी वेचणारी बाई. मुख्य उपसंपादकांचं म्हणणंही सांगितलं. मुलांचे दोन गट पडले. पुष्कळांना पटलं, की छापला नाही तेच बरं, बाई कोरडी वाटते. खिडकीजवळ एक मुलगी बसायची, वसतिगृहात राहणारी, लोहाऱ्याकडची. भूकंपाच्या वेळी ती लहान होती. ती उभी राहिली आणि म्हणाली, ‘मॅडम, त्या आजीला रडू येत नव्हतं असं का म्हणतात सगळे? आमच्या घरी त्या वर्षी पेरणी झाली न्हाई. बी सगळं मातीत गेलं. मग बापानं मुकादमाकडून उचल घेतली आणि आम्ही सगळे ऊसतोडीला गेलो. मी चौथीनंतर दोन वर्षं शाळेत न्हवते.’

वर्गात बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मी तास तिथंच थांबवला.

इतकी वर्षं तो परिच्छेद मी दुःखाचा प्रसंग म्हणून जपला होता. तिनं दाखवलं की तो कामाचा प्रसंग आहे. बाई ज्वारी वेचत होती म्हणजे उरलेल्या लेकरांची शाळा वेचत होती, गावात राहणं वेचत होती. ती बातमी सहज झाली असती, पहिल्या परिच्छेदाची बातमी: भूकंपग्रस्त गावांत अन्नधान्य पोचलं आहे, बियाणं पोचलेलं नाही, आणि ओल चार दिवसांची आहे. हे आज मी पत्रकारितेच्या प्रत्येक तुकडीला सांगते. पण मला त्यात कथाही दिसायला लागली.

पहिला खर्डा एका दिवाळी अंकाला पाठवला. मराठीत कथालेखकाची कमाई, ओळख, वाचकांची पत्रं, सगळं अजून दिवाळी अंकांभोवती फिरतं. १९०९ साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही वहिवाट आहे. जूनमध्ये कथा मागतात, ऑगस्टमध्ये आठवण करतात आणि लेखकाचा पावसाळा त्यात जातो. संपादकांनी कथा परत केली आणि फोन केला. म्हणाले, ‘यातली बातमीदार बाई फार जागा अडवते. ती येते, बघते, हळहळते. मला त्या आजीचं घर वाचायचंय, ही बाई मधे येते.’ इतका नेमका सल्ला मला क्वचित मिळाला आहे. मी बातमीदार काढून टाकली. कथा सुनेच्या तोंडून सांगितली, जी सासूला मातीत बी वेचताना बघते आणि आधी चिडते. सुनेला चिडू दिलं, तेव्हा सासूचं काम वाचकाला दिसायला लागलं.

छापायला देण्याआधी मी त्या गावाला गेले. याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण यावर माझं अनेक लेखकमित्रांशी जमत नाही. ते म्हणतात, नाव बदललं, गाव बदललं की झालं. मला हे पटत नाही. नाव शहरात लपतं. गावात माणूस नावानं ओळखतच नाहीत. कुणाच्या दारात लिंब होता, कुणाचा बैल एका डोळ्यानं अधू होता, कुणाची सून कुठल्या गावची, यावरून ओळखतात. आणि कथेला नेमकं तेच लागतं. शिवाय त्या बाईनं मला जे दाखवलं ते बातमीसाठी दाखवलं होतं. पेपरात आलं तर मदत येईल, एवढा तिचा हिशोब. ते मी कथेसाठी वापरणार असेन, माझ्या नावावर छापणार असेन, तर तिला विचारायला हवं. शेतातून कणीस घेताना मालकाला हाक मारतात, तितकी साधी ही गोष्ट आहे.

नवं गाव जुन्या गावापासून लांब, माळावर. सरळ रस्ते, चौकोनी प्लॉट, सिमेंटची घरं, प्रत्येक घरामागं मोकळी जागा. पूर्वी एका भिंतीला दोन घरं टेकलेली असायची आणि बायका त्या भिंतीवरून वाटी द्यायच्या घ्यायच्या. आता शेजारीण हाकेच्या पलीकडं. मावशी म्हाताऱ्या झाल्या होत्या, पण मला बी दाखवल्याचं त्यांना आठवत होतं. त्यांची जाऊही येऊन बसली. मी ओट्यावर बसून कथा वाचली. आकाशवाणीची सवय उपयोगी पडली, सावकाश वाचली. मधे दोन-तीनदा मावशींनी ‘व्हय, व्हय’ केलं. माझी कथा बी सापडण्यापाशी संपत होती. ओचा भरतो, सून सुपातलं वेचू लागते, एवढंच.

वाचून झालं. मावशी म्हणाल्या, ‘समदं बरुबर हाय. पर पेरलं कोणी, ते न्हाई त्यात.’

मी विचारलं, तुम्हीच ना?

‘माझ्या हाताला मार लागल्ता. मूठ धरवत न्हवती. चाड्यावर मूठ हिनं धरली,’ आणि जावेकडं बोट केलं. (चाडं म्हणजे पाभर या पेरणीच्या अवजारावरचा वाडगा, त्यात मुठीनं बी सोडतात.) जाऊ पदराआडून हसली. मग दोघींनी मिळून सांगितलं. बैल पाव्हण्यांच्या गावाहून आणले. पाभर ढिगाऱ्यातून निघाली ती मोडकी, तिचा एक फण तारेनं बांधला. ज्वारी मालदांडीच होती, पण बी कमी पडलं म्हणून पातळ पेरलं. मावशी तासाच्या कडेला बसून सांगत होत्या आणि जाऊ मूठ सोडत होती. अर्धं रान झालं.

वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांच्या वह्यांत मी ‘कोणी?’ असं लिहीत आले, तोच प्रश्न मावशींनी माझ्या कथेला विचारला. कथा पुन्हा लिहिली. ती आता रानात संपते. एका बाईनं वेचलेलं बी दुसरी पेरते, आणि कथेत आधी जेमतेम दारात उभी असलेली जाऊ शेवटी सगळ्यात जास्त जागा घेते. मावशींनी आणखीही एक गोष्ट सांगितली आणि ती लिहू नको म्हणाल्या. ती कथेत नाही, इथंही नाही. दुसऱ्या वर्षीच्या दिवाळी अंकात कथा आली. अंक मी पोस्टानं न पाठवता स्वतः नेऊन दिला. वसतिगृहातल्या त्या मुलीलाही दिला. ती तोवर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाली होती.

म्हणून मला कुणी विचारलं, की पेपरची नोकरी आणि तासिका यांत लेखनाचा वेळ गेला का, तर मी ही हकिगत सांगते. पाकिटं फोडली नसती तर त्या ढिगाऱ्यापर्यंत गेलेच नसते. वर्ग घेतला नसता तर त्या मुलीनं मला समजावलं नसतं. घरी बसून फक्त लिहीत राहिले असते तर माझ्याकडे एक करुण परिच्छेद तेवढा राहिला असता. पैशाची ओढाताण झाली, पेन्शन नाही, हे सगळं आहे. नवऱ्याची बँकेतली नोकरी होती म्हणून हे निभावलं, हेही मुलींना मी स्पष्ट सांगते. घरात एक पक्का पगार नसेल तर आधी त्याची सोय बघा आणि मग वही उघडा. त्यात काही कमीपणा नाही.

सध्या विडी कामगार बायकांवरच्या कथांचं पुस्तक करते आहे. अम्मा विड्या वळायची. भिजवलेली तेंदूची पानं ओल्या फडक्यात, पत्र्याचा फर्मा, कात्री, मांडीवर सूप आणि हजारावर मजुरी. कारखान्यात दिलेल्या विड्यांतून छाट म्हणून किती बाजूला पडतील यावर आठवड्याचा बाजार ठरायचा. हा विषय इतका जवळचा की त्यावर बातम्या पुष्कळ केल्या, कथा कधी लिहिली नाही. आता लिहिल्या आहेत. छापखान्यात देण्याआधी त्या सोलापूरजवळच्या कुंभारीला जाऊन वाचणार आहे. तिथं गोदूताई परुळेकरांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत आहे. २००६ साली विडी कामगार बायकांच्या हातात त्या घरांच्या किल्ल्या आल्या. अम्माच्या बरोबरीच्या काही जणी अजून तिथं आहेत. त्यांना मराठी समजतं, अडलं तर तेलुगूत सांगेन. गेल्या आठवड्यात विचारायला गेले तर होकार लगेच मिळाला, पण अट घातली. वाचन दुपारी ठेवायचं, आणि कुणीही सूप बाजूला ठेवणार नाही. ‘तू वाच, आम्ही वळत ऐकतो. आणि काही चुकीचं लिहिलं असशील तर तिथंच थांबवू.’ श्रावणातले चार सोमवार त्यासाठी ठरले आहेत.